पगार आणि शिष्यवृत्ती

दर्यापूरहून सकाळची एस.टी. धरून मी एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायला जाई. नाव कशाला घ्या! १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने अशा संस्थांना दार उघडले. विनाअनुदानित म्हणजे प्राध्यापकाचा पगार सरकार देत नाही. तो विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघतो. अनुसूचित जातींच्या मुलांचे शुल्क सरकार भरते, पण उशिरा.

पगार थकला की प्राचार्य सांगत, "शिष्यवृत्ती आली नाही." त्यांचे तरी काय चालणार? सही त्यांची, तिजोरी संस्थाचालकांची. पण स्टाफरूममध्ये पोचेपर्यंत ते वाक्य बदलून जाई : "यांच्या पोरांमुळे आपला पगार अडला." मी 'यांच्यातला'च, आणि पगार माझाही अडलेला!

साधा हिशेब करा. अनुसूचित जातींच्या राखीव जागा शेकडा १३. उरलेल्यांपैकी कित्येकांनी शुल्क रोख भरलेले. शिवाय शुल्क ठरते तेच आमच्या पगाराचा खर्च धरून. मग तेरा मुलांपायी सर्वांचा पगार अडतो कसा?

एकदा परीक्षेचा अर्ज अडवलेला मुलगा माझ्याकडे आला. त्याला घेऊन प्राचार्यांकडे गेलो. सही झाली. पुढच्या वर्षी मला तासिका तत्त्वावर घेण्यात आले.