पटकीची साथ ओसरते कशी? – जीवाणुभक्षकांच्या परिस्थितिविज्ञानातील एक प्रकरण

पटकीची साथ कशी पसरते, याचे विवेचन पाठ्यग्रंथांत विस्ताराने आढळते. ती ओसरते कशी, या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाकडील प्रदेशात पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशा दोन वेळा रुग्णसंख्या झपाट्याने वाढते आणि काही आठवड्यांत आपोआप घटू लागते. असे का व्हावे? ढाका येथील आंतरराष्ट्रीय अतिसाररोग संशोधन केंद्रातील शाह फारुक व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली दोन निबंधांत या प्रश्नाचा जो विचार मांडला, त्याचा येथे परिचय करून द्यावयाचा आहे.

जीवाणूंच्या पेशीत शिरून, तेथे आपली संख्या वाढवून, अखेर ती पेशी फोडून बाहेर पडणारे विषाणू म्हणजे जीवाणुभक्षक. ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये व डेरेल यांनी १९१७ मध्ये त्यांचा शोध स्वतंत्रपणे जाहीर केला. तत्पूर्वी १८९६ साली हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू नष्ट होतात, परंतु तेच पाणी उकळले असता हा गुण उरत नाही, असे नोंदविले होते. हे जीवाणुभक्षकांचेच कार्य होते काय, याविषयी मतभेद आहेत; पण नदीचे पाणी हे जंतूंचे केवळ निवासस्थान नसून त्यांचे रणक्षेत्रही असू शकते, ही कल्पना तेथून सुचते.

फारुक यांनी सुमारे तीन वर्षे ढाक्यातील जलाशयांचे नमुने नियमितपणे तपासले. एकाच नमुन्यात पटकीचे जंतू किती व त्यांना मारणारे भक्षक किती, हे पाहून त्याची सांगड त्या काळातील रुग्णसंख्येशी घातली. भक्षक विपुल असत तेव्हा रुग्ण थोडे आणि रुग्ण वाढत तेव्हा भक्षक विरळ, असा व्यस्त संबंध दिसून आला. जंतू व त्यांचा भक्षक दोन्ही एकत्र आढळले असे नमुने थोडेच होते.

दुसरा निबंध २००४ च्या साथीविषयी आहे. साथीचा कळस होण्यापूर्वी पाण्यात जंतूंचे प्रमाण वाढले. साथ उतरणीला लागली तेव्हा ‘जेएसएफ-४’ या भक्षकाचे प्रमाण वाढले. याच सुमारास रुग्णांच्या मलातूनही तोच भक्षक उत्तरोत्तर अधिक प्रमाणात बाहेर पडत होता. म्हणजे रुग्णाचे आतडे हे जंतूंप्रमाणेच त्यांच्या शत्रूचेही वृद्धिस्थान ठरते. साथ जितकी पसरेल तितकी भक्षकांना वाढण्यास सामग्री मिळते आणि अशा रीतीने साथ स्वतःच्याच अंताची तयारी करते.

हा निष्कर्ष आकर्षक असला तरी तो सावधपणेच स्वीकारला पाहिजे. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण होते, असे नव्हे. लोकांत निर्माण होणारी प्रतिकारशक्ती, पाण्याची क्षारता, तापमान व प्लवक जीवांची संख्या यांचाही परिणाम साथीवर होतो. जंतू घटल्यामुळे साथ ओसरली आणि जंतू घटण्यास भक्षक अंशतः कारण झाले, इतकेच म्हणणे न्याय्य ठरेल.

शिवाय भक्षकाला केवळ मानवाचा मित्र समजणेही चूक होय. वॉल्डर व मेकॅलॅनॉस यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, पटकीच्या विषाचे जनुक जंतूच्या अंगी एका भक्षकामार्फतच येते. एक भक्षक जंतूला विषारी बनवितो, तर दुसरा त्याचा नाश करतो. जंतूही स्वस्थ बसत नाही: त्याच्या गुणसूत्रात भक्षकरोधक जनुकसमूह आढळतात, आणि या समूहांना तोडण्याची यंत्रणा बांगलादेशात सापडलेल्या एका भक्षकाने बाळगली आहे, असे २०१३ मध्ये सिद्ध झाले. जे वाण भक्षकाच्या तावडीतून निसटतात, तेच पुढील साथीचे बीज होण्याचा संभव असतो.

तेव्हा पटकी हा मनुष्य व जंतू यांच्यातील द्वंद्वाचा विषय नसून, पाणी, प्लवक, जंतू, भक्षक व मनुष्य या साऱ्यांच्या परस्परसंबंधांचा विषय आहे. प्रयोगशाळेतील शुद्ध संवर्धनात हे संबंध दिसत नाहीत. त्यासाठी तळ्याकाठी ऋतुमागून ऋतू चिकाटीने नमुने गोळा करावे लागतात. फारुक यांच्या कार्याचे महत्त्व उत्तराइतकेच या पद्धतीतही आहे.