मुक्तस्रोत प्रकल्प आणि महाविद्यालयीन सत्र

ज्याची मूळ संहिता कोणासही वाचता व बदलता येते, अशा मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे काम अभ्यासक्रमात आणताना खरी अडचण तंत्राची नसून कालगणनेची असते. टोरांटोच्या सेनेका महाविद्यालयात २००५ पासून विद्यार्थी मोझिलाच्या चालू प्रकल्पात प्रत्यक्ष काम करू लागले. गृहपाठ तपासला की संपतो. येथे मात्र विद्यार्थ्याची दुरुस्ती प्रकल्प सांभाळणारे लोक वाचतात, आक्षेप घेतात, परत पाठवितात. सत्रसमाप्तीचे बंधन त्यांच्यावर नसते. म्हणून दुरुस्तीच्या स्वीकारावर गुण ठेवणे अन्यायाचे होय. ते दोषाच्या शोधास व आक्षेपांनंतरच्या पुनर्लेखनास द्यावेत. शिवाय कच्च्या दुरुस्त्यांचा भार पुष्कळदा विनावेतन राबणाऱ्यांवर पडतो, हे अध्यापकवर्ग सोयीस्करपणे विसरतो.

मुंबईच्या आय. आय. टी.तील ‘फॉसी’ प्रकल्पाने विद्यार्थ्यांसाठी निराळी वाट काढली. प्रमाणभूत पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे त्यांनी ‘सायलॅब’ या मुक्तस्रोत गणनप्रणालीत लिहून द्यावयाची. उत्तर पुस्तकात छापलेलेच असल्याने पडताळा तत्काळ मिळतो, आणि पुढील विद्यार्थ्यास आयती संहिता लाभते. मात्र दुसऱ्यांनी वर्षानुवर्षे रचलेल्या अवाढव्य संहितेत वाट काढण्याचा सराव त्यातून घडत नाही.