बारा टक्क्यांचा हिशेब

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी आळंद तालुक्यातल्या. माहेर उमरग्याकडचं. त्यामुळे घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारणीशी दखनी, असं त्यांचं सगळं सुरळीत चालतं. २०२५ च्या मे महिन्यात एका सकाळी त्यांनी पिशवीतून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले.

"अक्का, ह्यातलं कोणतं घ्यावं, सांगा की. पोरीची नर्सिंगची फी भरायची हाय."

एक कागद मायक्रोफायनान्स कंपनीचा, कन्नडमध्ये छापलेला. दुसरा डायरीचं फाडलेलं पान. गल्लीत खासगी फायनान्स चालवणाऱ्या एकाने त्यावर पेनने आकडे लिहून दिले होते. दोन्हीकडे कर्ज ३०,००० रुपये, मुदत १२ महिने. कंपनीचं व्याज २४ टक्के, हप्ता २,८३७ रुपये. डायरीच्या पानावर व्याज १२ टक्के, हप्ता २,८०० रुपये.

मी बी.कॉम. झालेली. आमच्या बायकांच्या भिशीचा हिशेब गेली कित्येक वर्षं माझ्याकडे. मी चष्मासुद्धा नीट न लावता म्हटलं, "यात विचारायचं काय? निम्मं व्याज आहे, हप्ताही कमी आहे. बारावालं घ्या."

सुट्टीला आलेली माझी भाची शेजारी चहा पीत बसली होती. ती इंजिनिअरिंगला आहे. तिने मावशींना एकच प्रश्न विचारला, "मावशी, सही केल्यावर हातात किती देणार?"

मावशींनी बोटं मोजली. डायरीवाला 'फाइलचे' ६०० आणि 'इन्शुरन्सचे' ४५० आधीच कापून घेणार होता, म्हणजे हातात २८,९५०. कंपनीचं शुल्क जीएसटी धरून ३५४, हातात २९,६४६.

भाचीने मोबाइलवर हिशेब मांडला आणि माझा चहा गार झाला.

बारा टक्के म्हणजे किती?

डायरीवाल्याचा हिशेब सरळ दिसतो: ३०,००० चे १२ टक्के म्हणजे ३,६०० रुपये व्याज. एकूण ३३,६००, भागिले १२, हप्ता २,८००. याला 'फ्लॅट' व्याज म्हणतात. खोच अशी की मावशींकडे ३०,००० रुपये वर्षभर राहतच नाहीत. दर महिन्याला २,५०० मुद्दल परत जातं. पहिल्या महिन्यात ३०,०००, मग २७,५००, शेवटच्या महिन्यात फक्त २,५००. वर्षाची सरासरी काढली तर त्यांच्याकडे असतात १६,२५० रुपये. व्याज मात्र पूर्ण ३०,००० वर. घटत्या शिलकीवर हिशेब केला की हेच १२ टक्के साडेएकवीसच्या आसपास जातात.

त्यात आधी कापलेले १,०५० रुपये धरा. जे पैसे हातात आलेच नाहीत, त्यांच्यावरही व्याज चालू आहे! आता दर निघतो २८ टक्क्यांच्या वर.

कंपनीचे २४ टक्के घटत्या शिलकीवर होते. शुल्क धरून तो दर सव्वासव्वीसच्या आसपास येतो, आणि त्यांच्या कागदावर तो तसाच छापलेला होता. मावशींच्या भाषेत सांगायचं तर कंपनीला वर्षाला ४,३९८ रुपये जास्तीचे द्यायचे होते, डायरीवाल्याला ४,६५०. म्हणजे बारा टक्क्यांचं कर्ज चोवीस टक्क्यांच्या कर्जापेक्षा २५२ रुपयांनी महाग!

२५२ रुपये ही काही मोठी रक्कम नाही. पण मी निम्म्या व्याजाचं म्हणून जे कर्ज घ्या असं सांगितलं, तेच दोन्हींत महाग होतं. बी.कॉम. झालेल्या बाईची ही गत, तर तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईने काय करायचं?

किंमत उघड लिहा, ही मागणी जुनी आहे

आपल्याकडे 'तीन रुपये शेकडा' म्हटलं की ते महिन्याचं, वर्षाचे ३६ टक्के, हे आजोबांच्या पिढीला सांगावं लागत नसे. धान्य सवाईने घेतलं तर पेरणीला नेलेल्या एका पोत्याचं सुगीला सव्वा पोतं द्यायचं, हेही ठाऊक असे. दर जबर होता, पण निदान कळत होता. खरा घोळ खत आणि वही सावकाराच्या घरात असण्यात होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतंच हिसकावून जाळली. हा दख्खनचा दंगा शाळेत आपण वाचलेला असतो. त्यानंतर १८७९ साली आलेल्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याला पैसे भरल्याची पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला. आपला गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा इथे लागू नव्हता.

इतर देशांतही हीच मागणी झाली. अमेरिकेने १९६८ साली कर्जाचा खरा वार्षिक दर सांगणं कायद्याने बंधनकारक केलं. २००८ साली चक वॉटरफील्ड यांनी 'मायक्रोफायनान्स ट्रान्स्परन्सी' ही संस्था काढली. गरिबांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांची खरी किंमत एकाच पद्धतीने मोजायची आणि जाहीर करायची, एवढंच तिचं काम. भारतातल्या कर्जांचे दरही तिने असे मोजले होते.

आपल्याकडे २०१० साली आंध्र प्रदेशात वसुलीच्या जाचावरून मोठं संकट उभं राहिलं. मग मालेगाम समितीच्या शिफारशींवरून रिझर्व्ह बँकेने व्याजावर मर्यादा घातल्या. १ एप्रिल २०२२ पासून धोरण बदललं. दर कंपनीने ठरवावा, पण तो उघड सांगावा. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. त्यासाठी कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्ज कार्ड द्यायचं. माहितीपत्रकात नसलेलं शुल्क घ्यायचं नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीचे फोन सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करायचे नाहीत. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचं झालं. त्यात शुल्क, विमा सगळं धरून एकच वार्षिक दर लिहावा लागतो. मावशींच्या कन्नड कागदावर सव्वासव्वीसचा आकडा होता, तो या नियमामुळेच.

आपल्या राज्यात २०२५ च्या सुरुवातीला वसुलीच्या त्रासाच्या, गाव सोडून गेलेल्या कुटुंबांच्या बातम्या रोज येत होत्या. १२ फेब्रुवारीला कर्नाटक सरकारचा वटहुकूम निघाला. जाचक वसुलीला १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. कायदा कडक आहे, पण तो गळ्याला फास लागल्यावर उपयोगी पडतो. सहीच्या आधी उपयोगी पडतो तो हिशेब.

कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. दहा लाखांचं एक कर्ज सांभाळणं आणि तीस-तीस हजारांची तेहतीस कर्जं गावोगाव फिरून सांभाळणं, यांचा खर्च सारखा नसतो. म्हणून छोटं कर्ज महाग असतं. महाग असणं ही लबाडी नव्हे, महाग असून स्वस्त दाखवणं ही लबाडी. सगळ्यांनी दर एकाच पद्धतीने लिहिला, तरच गिऱ्हाईक दोन दुकानं फिरून भाव करू शकतं. कांदे घेताना आपण तेच करतो.

एक तास द्याल?

आपल्या मंडळातली तरुण मुलं बेंगळुरू, पुणे, हैदराबादला नोकरीला आहेत. गृहकर्ज घेताना तुम्ही चार बँकांचे दर मोबाइलवर ताडून बघता. सुट्टीत घरी याल तेव्हा घरात काम करणाऱ्या मावशींना, शेतावरच्या गड्याला, दुकानातल्या पोऱ्याला एकदा विचारा, कुठे कर्ज आहे का? आणि हे चार प्रश्न त्यांच्या भाषेत शिकवा. हातात किती मिळणार? एकूण किती भरायचे? शुल्क आणि विमा धरून वर्षाचा दर किती? हे सगळं लिहून दिलेला कागद कुठे आहे?

कागद कन्नडमध्ये असतो, ते बरोबरच आहे. पण कर्ज घेणारी बाई मराठी वाचणारी असेल, तर तिला समजेल अशा भाषेत मागण्याचा तिला हक्क आहे. निदान कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवायला हवं. मावशींच्या मुलीला कन्नड उत्तम वाचता येतं. तो आकडा तिनेही वाचला होता, पण त्याचा अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता.

शेवटी मावशींनी कंपनीकडूनच घेतले, पण ३० ऐवजी २० हजार. उरलेले त्यांच्या बचत गटातून उभे केले. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. डायरीवाल्याला 'नको' म्हणताना त्यांनी त्याला सांगितलं म्हणे, "तुमचं बारा लई महाग पडतंय." तो हसला आणि गप्प बसला.

आठवड्याभराने त्या शेजारच्या दोघींना घेऊन आल्या. दोघींच्या हातात कार्डं होती. भाची पुण्याला परत गेली होती, म्हणून मीच चष्मा लावून बसले. या वेळी नीट लावला.