धानाचा भाव आणि डाळीचा डबा

रायपूरचा बुढापारा हा बुढा तलावाच्या काठचा जुना मोहल्ला. येथील एका शाळेला पंडित माधवराव सप्रे यांचे नाव आहे. सप्रे मराठीभाषी, परंतु त्यांची लेखणी झिजली ती हिंदीसाठी. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले आणि पुढे लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतर केले. त्यांच्या आणखी एका कार्याची आठवण मात्र क्वचितच निघते. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचा कोश करावयास घेतला, तेव्हा अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम सप्र्यांकडे सोपविले होते. या शास्त्रातले विचार सामान्य माणसाला त्याच्या भाषेत कळले पाहिजेत, हाच त्यामागील हेतू होय.

असाच एक शब्द आज समजून घेऊ : वैकल्पिक खर्च. एखादी वस्तू घेताना आपण जे रुपये मोजतो तेवढीच तिची किंमत नसते. तिच्यासाठी जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. दिवाळीचे पैसे भांड्यांवर खर्चिले तर मुलाची सायकल राहते. हा हिशेब प्रत्येक गृहिणी मनात करीतच असते. शास्त्राने त्याला नाव दिले एवढेच.

आता हाच हिशेब शेतात मांडून पाहू. छत्तीसगढला धानाचा कटोरा म्हणतात. २०२४-२५ च्या हंगामात केंद्र सरकारचा साधारण धानाचा आधारभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. राज्याने वर ८०० रुपये देऊन शेतकऱ्याच्या हाती ३,१०० रुपये पडतील अशी व्यवस्था केली. खरेदीची मर्यादा एकरी २१ क्विंटल. तेवढे पीक आले तर एकरी ६५,१०० रुपये होतात. त्याच हंगामात तुरीचा आधारभाव ७,५५० रुपये होता. एकरी चार क्विंटल तूर निघाली असे समजा; तिचे होतात ३०,२०० रुपये. धानाला मजुरी व पाणी अधिक लागते हे धरूनही तूर पेरणाऱ्याला केवढ्या रकमेवर पाणी सोडावे लागते पाहा ! शिवाय भाव जाहीर होणे आणि माल खात्रीने उचलला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धानाच्या बाबतीत सोसायटीचे केंद्र ठरलेले, वजनकाटा ठरलेला. तुरीला तशी शाश्वती नाही. मग शेतकरी धानच लावतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

या निवडीचा परिणाम मात्र दूरवर, नागपूरच्या किंवा इंदूरच्या स्वयंपाकघरातील डाळीच्या डब्यापर्यंत पोहोचतो. आपला देश तूर म्यानमार आणि मोझांबिकमधून आणतो. तिकडे पीक बुडाले की इकडे वरण पातळ होते.

राज्याचे ८०० रुपयेही याच नियमाने बांधलेले आहेत. एकरी २१ क्विंटलांवर ते १६,८०० रुपये होतात. हा पैसा कापणीनंतर शेतकऱ्याच्या घरी येतो. त्यातून कर्ज फिटते, लग्नकार्य निभते, बाजारात गिऱ्हाईक वाढते. पण तोच पैसा कालव्यांवर किंवा डाळींच्या खरेदीवर खर्चिता येत नाही. यात योग्य काय यावर मतभेद होणारच. माझ्या मते, भाव जाहीर करताना या सोडलेल्या गोष्टींची यादीही लोकांपुढे ठेवली पाहिजे. ती सहसा ठेवली जात नाही.

खेड्यातील बायाबापड्यांनी मात्र यावर आपल्यापुरता तोडगा पूर्वीच काढलेला आहे. छत्तीसगढात आणि आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडेही धानाच्या बांधावर तूर लावतात. धान कापणीला येण्याआधी ओल्या बांधीत लाखोळी फेकून ‘उतेरा’ घेतात. बांधावर धान होत नाही आणि उतेऱ्यासाठी धानाची एक पेंढीही सोडावी लागत नाही. म्हणून घरच्या या डाळीचा वैकल्पिक खर्च जवळजवळ शून्य असतो.