शोजो जिदाईचा हिशेब

सेक्टर १७ म्हणजे चंदीगडचा भर चौक. ल कॉर्ब्युझिएने शहर आखताना बाजार, बँका, सिनेमाघरं इथे एकत्र आणली आणि मोटारींना बाहेरच थोपवलं. चार मजली काँक्रीटच्या इमारती, खाली लांबच लांब व्हरांडे, मधोमध मोकळी फरसबंदी. माझी बँक इथलीच. २०१३ साली एलान्ते मॉल उघडला आणि आमचं गिऱ्हाईक तिकडे गेलं, असं दुकानदार कुरकुरतात. जे राहिलं त्यात नाचायला मात्र ऐसपैस जागा झाली. संध्याकाळी बंद दुकानांच्या काचांचा आरसा करून पोरंपोरी कोरियन गाण्यांवर पावलं बसवत असतात. पंजाबी असतात, लडाखी असतात, विद्यापीठात शिकणाऱ्या मणिपुरी मुली असतात, आणि त्यात आमची सांगलीकर लेकही असते.

मणिपुरी मुली या बाबतीत सगळ्यांच्या गुरू. २००० साली तिकडच्या एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमावर बंदी घातली, केबलवाल्यांनी ती पोकळी कोरियाच्या आरिरांग वाहिनीने भरली, आणि एक पिढी कोरियन मालिका-गाण्यांवर वाढली. अशाच एका मुलीने मला सांगितलं, ‘अंकल, हे कोरियन नाही, जपानी आहे.’ म्हणजे गाणाऱ्या कोरियन आणि गाणं जपानी. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटलं, कारण इतक्या मेहनतीमागे काहीतरी व्यवहार असणार, आणि व्यवहार म्हटलं की माझे कान टवकारतात.

गाणं होतं ‘गर्ल्स जनरेशन’ या नऊ जणींच्या गटाचं. ५ ऑगस्ट २००७ रोजी एसएम एंटरटेनमेंट या सोलच्या कंपनीने त्यांना रंगमंचावर आणलं. २००९ च्या ‘जी’ या गाण्याने कोरिया वेडावला. तिथल्या सरकारी वाहिनीच्या साप्ताहिक क्रमवारीत ते सलग नऊ आठवडे पहिलं होतं. जपानात त्यांना ‘शोजो जिदाई’ म्हणतात. त्यांचा पहिला जपानी अल्बम १ जून २०११ ला आला. नाव साधंच, गटाचंच. बारा गाणी. पहिल्याच आठवड्यात सुमारे २ लाख ३२ हजार प्रती गेल्या आणि ओरिकॉन या जपानी विक्री-क्रमवारीत तो पहिला आला. पुढे तिथल्या ध्वनिमुद्रण संघटनेने त्याला दहा लाख प्रतींचं ‘मिलियन’ प्रमाणपत्र दिलं.

आता आकडेमोड. जपानात सीडीची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदाराला ती परस्पर उतरवता येत नाही. कायद्याने दिलेली मुभा आहे ती. अल्बम साधारण तीन हजार येनच्या आसपास पडतो. म्हणजे एका आठवड्याची उलाढाल सत्तर कोटी येनच्या घरात, त्या वेळच्या दराने आपले चाळीसेक कोटी रुपये. शिवाय एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या असतात. कुणात डीव्हीडी, कुणात छायाचित्रांचं पुस्तक, आणि भक्त मंडळी त्या सगळ्या घेतात. उलट कोरिया पाच कोटींचा देश. २००० नंतर घरोघरी वेगवान इंटरनेट आलं, गाणी फुकट उतरवून घेण्याची सवय लागली आणि सीडीचा धंदा बसला. शेजारी मात्र अमेरिकेखालोखाल जगातला सर्वांत मोठा संगीतबाजार, आणि तोही रोखीने सीडी विकत घेणारा. मी कंपनीच्या जागी असतो तर नऊच्या नऊ जणींची जपानी शिकवणी त्याच दिवशी लावली असती.

ही वाट आधी बोआ या एकट्या मुलीने मळवून ठेवली होती. याच कंपनीने तिला लहानपणीच जपानीत तयार केलं आणि मार्च २००२ मध्ये, पंधराव्या वर्षी, तिचा पहिला जपानी अल्बम ओरिकॉनमध्ये पहिला आला. तोवर कुठल्याच कोरियन गायकाला ते जमलं नव्हतं. गंमत बघा, त्या वेळी खुद्द कोरियात जपानी भाषेतल्या गाण्यांच्या सीडी विकायला परवानगी नव्हती. ३५ वर्षांच्या जपानी अंमलाची जखम. तिथल्या सरकारने १९९८ पासून टप्प्याटप्प्याने दारं किलकिली केली आणि जपानी गाण्यांच्या सीडींना जानेवारी २००४ मध्ये मोकळीक दिली. म्हणजे माल निर्यात करायला हरकत नव्हती, आयातीवर बंदी होती.

‘गर्ल्स जनरेशन’ची तयारीही कच्ची नव्हती. गटातली सूयंग २००२ मध्येच एका कोरियन-जपानी जोडीत जपानात गाऊन आली होती, तिचं जपानी अस्खलित. २५ ऑगस्ट २०१० रोजी टोकियोच्या आरिआके कोलोसियममध्ये एका दिवसात तीन खेळ केले. बावीस हजार माणसं आली. सप्टेंबरात ‘जीनी’, ऑक्टोबरात ‘जी’, पुढच्या एप्रिलमध्ये ‘मिस्टर टॅक्सी’, अशी एकेक गाणी सोडत बाजार तापवला. जपानातल्या भूकंप आणि त्सुनामीला तीन महिनेही झाले नव्हते, तरी ३१ मेला ओसाकात दौरा सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी अल्बम दुकानात.

यातल्या ‘जीनी’ची जन्मकुंडली मला फार आवडते. चाल नॉर्वेच्या संगीतकारांची. नाच बसवला रिनो नाकासोने या जपानी बाईने. पाय लयीत बाजूला फेकण्याची त्यातली ती अदा जपानात भलतीच गाजली. शब्द आधी कोरियन, मग जपानी. सेक्टर १७ मधल्या मुली नेमकी तीच पायफेक घोटत असतात. गुडघा किती वाकवायचा यावरून त्यांच्यात कडाक्याचे वाद होतात आणि मग फोनवर तो तुकडा निम्म्या वेगाने पुन्हा पुन्हा पाहिला जातो. एकीचा पाय हातभर जास्त गेला की सगळी रांग थांबते. बँकेत खतावणी जुळवताना आम्ही इतके काटेकोर नव्हतो.

पण गाणं म्हणून ऐकायला बसलो तेव्हा माझे कान वेगळं सांगू लागले. या अल्बममध्ये दोन जातींची गाणी आहेत. ‘जी’, ‘जीनी’, ‘हूट’ ही कोरियात आधी गाजलेली, मग जपानी शब्द चढवलेली. ‘मिस्टर टॅक्सी’ आधी जपानीतच घडलेलं; त्याचं कोरियन रूप नंतर आलं. दुसऱ्या जातीची गाणी मला सरस वाटतात. कोरियन शब्द क्, प्, ट् अशा व्यंजनांवर खाड्कन थांबू शकतो. जपानीत ‘न्’ सोडला तर जवळजवळ प्रत्येक अक्षराला स्वर लागतो. आपला ‘झटपट’ जपान्याच्या तोंडी ‘जातोपातो’ होईल. चाल तीच, मात्रा तेवढ्याच, आणि अक्षरं वाढलेली. मग गीतकाराला अर्थ कापावा लागतो किंवा गायिकेला धावावं लागतं. ‘जी’चा मूळ ठेका तुटक, टिचक्या मारत जाणारा, जपानीत तो गुळगुळीत होतो. ‘मिस्टर टॅक्सी’त चाल आणि शब्द एकमेकांना सांभाळून घेतात, कारण दोघांची गाठ आधीपासून मारलेली आहे.

आमच्या पिढीला हे नव्याने सांगायला नको. १९९२ च्या ‘रोजा’ची हिंदी गाणी आठवा. रहमानची चाल तमिळ शब्दांवर बांधून आलेली, पी. के. मिश्रांना तिच्यात हिंदी बसवायचं होतं. गाणी अफाट गाजली, पण शब्द मधूनमधून अवघडल्यासारखे बसलेत. मग १९९५ मध्ये ‘रंगीला’ हिंदीसाठीच रचला गेला आणि तोच रहमान मोकळा वाटू लागला. इथून अमृतसरकडे गेलं की कोटला सुलतानसिंग हे मोहम्मद रफींचं गाव लागतं. हा पंजाबी माणूस मराठीत इतका आपला वाटला, कारण श्रीकांत ठाकऱ्यांनी त्याच्यासाठी मराठी गाणी मराठीतच बांधली. हिंदीतल्या गाजलेल्या चालींना मराठी झगा घातला नाही. कोरियन कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. पण गाजलेलं गाणं पुन्हा विकणं स्वस्त पडतं, आणि तिथे माझ्यातला बँकवाला त्यांच्या बाजूने उभा राहतो.

२०११ च्या शेवटच्या रात्री, जपानात घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या ‘कोहाकू’ कार्यक्रमात ‘गर्ल्स जनरेशन’, ‘कारा’ आणि ‘तोहोशिंकी’ असे तीन कोरियन गट गायले. पुढच्या ऑगस्टमध्ये कोरियाचे राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक दोन्ही देश हक्क सांगतात त्या बेटांवर जाऊन आले, आणि त्या वर्षीच्या कोहाकूत एकही कोरियन गट नव्हता. हा खंड थेट २०१७ मध्ये ‘ट्वाइस’ने मोडला. त्यांच्यात मोमो, साना आणि मिना या तिघी जपानीच, त्यामुळे भाषेचा अर्धा प्रश्न घरातच सुटलेला. त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस ‘ब्लॅकपिंक’ या दुसऱ्या कोरियन गटाने पहिली जपानी तबकडी काढली, सगळी कोरियन गाणी जपानीत, आणि तीही ओरिकॉनमध्ये पहिली. २०२० मध्ये ‘ट्वाइस’च्या कंपनीने आणखी पुढची पायरी गाठली. ‘निजियू’ नावाचा गट उभा केला. कोरियन घडण, पण मुली सगळ्या जपानी. भाषांतराचा खर्चच वाचला.

पंजाबी गाण्यांचा धंदा आमच्या शेजारच्या मोहालीत जोरात आहे आणि तो असल्या फंदात पडत नाही. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात ‘ब्लॅकपिंक’ मुख्य आकर्षण होती आणि त्याच महोत्सवात दिलजीत दोसांझ पगडी बांधून पंजाबीत गायला. मात्र त्याच्यामागे कॅनडा-इंग्लंडात पसरलेला पंजाब आहे. भाषा कळणारं गिऱ्हाईक आधीच जाऊन बसलेलं. कोरियाला तसं गिऱ्हाईक जपानात घडवावं लागलं, एकेक गाणं विकून.

माझं हे गुळगुळीतपणाचं मत घरात कुणी मान्य करत नाही. लेक म्हणते, बाबा, तुम्ही चाल ऐकता, आम्ही नाचतो. जपानी ‘जी’त पावलाला जास्त वेळ मिळतो. मणिपुरी मैत्रिणीला कोरियनच हवं असतं, कारण तिने ते आईबरोबर आरिरांगवर ऐकलंय. गेल्या आठवड्यापासून दोघी एकाच नाचासाठी दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांचा हट्ट धरून बसल्या आहेत, आणि कारंज्याजवळ स्पीकर एकच आहे.