आयपी पत्ता, सार्वजनिक व खाजगी
इंटरनेट प्रोटोकॉल (संक्षेपाने आयपी) या नियमसंहितेनुसार चालणाऱ्या जाळ्यात प्रत्येक उपकरणास ओळखीसाठी जी संख्या दिलेली असते, तीस आयपी पत्ता म्हणतात. जगभर एकमेव असलेला व इंटरनेटवरील माहिती जेथे पोहोचविता येते तो पत्ता सार्वजनिक. एखाद्या घरापुरता किंवा कार्यालयापुरताच अर्थ असलेला पत्ता खाजगी. घरातील संगणक, मोबाइल, दूरचित्रवाणी संच यांना सामान्यतः खाजगी पत्ते असतात. सार्वजनिक पत्ता साऱ्या घरास मिळून बहुधा एकच असतो व तोही सेवा पुरविणाऱ्या कंपनीने तात्पुरता दिलेला असतो.

१९८१ मध्ये निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. त्याचे चार गट पाडून प्रत्येक गट ० ते २५५ यांमधील संख्येने दाखवितात, उदा., १९२.१६८.१.५. असे एकूण सु. ४२९ कोटी पत्ते होतात. ते अपुरे पडणार हे १९९० नंतर स्पष्ट झाले. फेब्रुवारी १९९६ च्या मानक दस्तऐवजानुसार १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५, १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५ आणि १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५ हे तीन पट्टे खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते कोणीही विनापरवाना वापरावेत. प्रत्येक चाळीत पाच क्रमांकाची खोली असते, तसा १९२.१६८.१.५ हा पत्ता एकाच वेळी लाखो घरांत असू शकतो. पोस्टमनला मात्र चाळीचे नाव लागते.

घर व इंटरनेट यांच्यामध्ये राउटर असतो. त्याचे पत्ता-रूपांतराचे तंत्र मे १९९४ मध्ये प्रथम मानक-पत्रिकेत मांडले गेले. घरातील संगणकाने माहितीचे पुडके बाहेर पाठविले, की राउटर त्यावरील खाजगी पत्ता खोडून आपला सार्वजनिक पत्ता लिहितो, त्यास एक पोर्ट क्रमांक जोडतो आणि ही जोडी कोष्टकात नोंदवितो. उत्तर आले, की कोष्टक पाहून ते योग्य उपकरणाकडे धाडतो. बाहेरून अनाहूत आलेल्या पुडक्याची नोंद कोष्टकात नसल्याने ते सहसा आत जात नाही. यामुळे हे तंत्र संरक्षणासाठीच आहे असा समज रूढ झाला. वस्तुतः तो त्याचा आनुषंगिक लाभ होय. घरातील उपकरणानेच घातक ठिकाणाशी संपर्क साधल्यास राउटर त्याचेही उत्तर इमानाने आणून देतो. घरातील कॅमेरा बाहेरून थेट पाहावयाचा, तर कोष्टकात कायमची नोंद करावी लागते. ती करताना तेवढे दार उघडे राहते याचे भान बहुधा नसते.

पत्त्यांचा केंद्रीय साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. त्यानंतर अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देऊ लागल्या. अशा रचनेसाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा सु. ४२ लक्ष पत्त्यांचा वेगळा पट्टा राखून ठेवण्यात आला. राउटरच्या बाह्य बाजूस यातील पत्ता दिसल्यास घरास स्वतःचा सार्वजनिक पत्ता नाही असे समजावे. अशा वेळी राउटरच्या कोष्टकात नोंद करूनही बाहेरून घरात प्रवेश मिळत नाही.

गुन्ह्याच्या तपासात या गोष्टीस फार महत्त्व आहे. केवळ सार्वजनिक पत्त्यावरून माग काढल्यास संशय अनेक निरपराध कुटुंबांवर जाऊ शकतो. म्हणून सर्व्हरने पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक व अचूक वेळही नोंदवावी, अशी शिफारस जून २०११ मध्ये करण्यात आली. एवढे करूनही माग लागतो तो एका घराच्या राउटरपर्यंत. कळफलकापुढे घरचा माणूस होता की पाहुणा, हे पत्त्यावरून कळत नाही.

सहाव्या आवृत्तीत (१९९५) पत्ता १२८ द्विमान अंकांचा असल्याने प्रत्येक उपकरणास स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देता येतो व रूपांतराची गरज उरत नाही. मात्र अनाहूत पुडकी अडविण्याचे काम तेथे राउटरमधील फायरवॉलकडे स्पष्टपणे सोपवावे लागते.