घाट, मैदान आणि प्रेक्षकाची जागा

'घाट' हा शब्द मराठीत अनेक अर्थ वागवितो. नदीकाठच्या पायऱ्या, डोंगर ओलांडणारी वाट, भांड्याचा अगर वाङ्मयकृतीचा आकार, हे त्याचे अर्थ अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे खेड, आंबेगाव, जुन्नर व मावळ या तालुक्यांत, या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. गावच्या यात्रेत ज्या चढणीवर बैलगाडे पळवितात, त्या खास राखलेल्या चढणीस तेथे 'घाट' म्हणतात. गाडा एकेकटा सुटतो. त्याच्या एका धावेस 'बारी' म्हणतात. बारीस लागलेले सेकंद मोजले जातात, आणि सर्वांत कमी वेळात चढण चढून जाणारा गाडा त्या दिवसाचा 'घाटाचा राजा' ठरतो.

जिल्ह्याच्या आग्नेय भागात, बारामती व इंदापूर या तालुक्यांत, चित्र पालटते. नीरा व भीमा या नद्यांच्या मधली ही जमीन पुष्कळशी सपाट आहे. नीरेपलीकडील फलटणप्रमाणेच येथेही शर्यतीचा शब्द 'घाट' नसून 'मैदान' हा आहे, आणि 'अमुक गावचे मैदान' म्हणजे केवळ मोकळी जागा नव्हे, तर तेथे भरणारी शर्यतच होय. येथे हलक्या छकड्या पळतात. त्या एकेकट्या न सुटता आपापल्या 'चाकोरी'तून बरोबरीने सुटतात. गट, उपान्त्य फेरी व अंतिम फेरी अशा क्रमाने निकाल लागतो. थोडक्यात, घाटावरील स्पर्धा घड्याळाशी असते, तर मैदानावरील स्पर्धा शेजारच्या जोडीशी असते.

या दोन पद्धतींतील भेद केवळ लोकाचाराचा नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो मूलभूत आहे. गेल्या काही वर्षांत शर्यतींचे थेट प्रक्षेपण सुरू झाल्यापासून त्याचे महत्त्व अधिकच वाढले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू हा भेद स्पष्ट करणे, आणि शर्यतीच्या भाषेत व तिच्या कायद्यात माणसाला, विशेषतः पाहणाऱ्या माणसाला, कोणती जागा मिळाली आहे याचा शोध घेणे हा आहे.

धोक्याचे स्वरूप

प्रथम धोका कोठे असतो ते पाहू. खिलार जातीचा बैल चपळाईसाठी प्रसिद्ध आहे. एका बैलाचे वजन ४५० किलोग्रॅम व धावण्याचा वेग सेकंदाला १० मीटर असा हिशेबापुरता धरला, तर बैलजोडीची गतिज ऊर्जा, गाडीचे वजन सोडूनही, ४५,००० ज्यूल भरते. सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत येणाऱ्या ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाची ऊर्जा ७५० ज्यूल असते. म्हणजे अशी साठ माणसे एकाच वेळी, एकाच जागी येऊन आदळावीत, तसा हा आघात होय.

वेळेचा हिशेबही असाच बोलका आहे. जोडी चाकोरी सोडून आपल्याकडे येत आहे हे ध्यानात येण्यास एक सेकंद व पाऊल उचलून बाजूस होण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यात जोडी २० मीटर पुढे आलेली असते. धावपट्टीपासून चार हातांवर उभ्या असलेल्या माणसाला हे दोन सेकंद मिळत नाहीत. शिवाय पहिल्या रांगेतील माणूस मागे सरू शकत नाही, कारण त्याच्या पाठीशी दुसरी रांग असते. गर्दीत सर्वांत जवळून पाहणारा हाच सर्वांत अगतिक असतो.

या ठिकाणी घाट व मैदान यांतील भेद प्रत्ययास येतो. चढण ही स्वतःच एक लगाम आहे. वर जाणाऱ्या जनावराची दमछाक होते, निशाण ओलांडल्यावर त्याचा वेग चढामुळेच ओसरू लागतो, आणि गाडा एकटाच असल्याने शेजारच्या गाडीशी टक्कर होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मोटारींच्या जगातही हीच रीत आढळते. इंग्लंडमधील शेल्स्ली वॉल्श येथील टेकडीवर १९०५ पासून मोटारींची चढण-शर्यत भरते. तिचा मार्ग १००० यार्डांचा, म्हणजे सुमारे ९१४ मीटरांचा असून तेथेही एका वेळी एकच गाडी घड्याळाशी स्पर्धा करीत वर जाते. दोन भिन्न समाजांनी, एकमेकांना ठाऊक नसता, एकच उपाय योजावा ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मैदानावर हा नैसर्गिक लगाम नाही. निशाणापलीकडे वेग ओसरण्यासाठी मोकळी जमीन मुद्दाम राखावी लागते. बरोबरीने पळणाऱ्या जोड्यांपैकी एखादी आडवी गेली, तर तिच्या धक्क्याने कडेच्या चाकोरीतील जोडी बाहेर फेकली जाण्याचा संभव असतो, आणि त्या बाहेरच्या बाजूसच माणसे असतात. बैलाला कासरा असतो, वेसण असते. परंतु बिथरलेल्या बैलाला या दोहोंचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून बारामती-इंदापूरकडील मैदानाला घाटापेक्षा अधिक काटेकोर आखणीची गरज आहे. याचा अर्थ घाट निर्धोक आहे असा मात्र नव्हे. चढणीच्या दोन्ही कडांवर लोक दाटीने उभे राहतात, आणि एखादा गाडा बाजूला वळला की चढाचा लगाम त्यांच्या उपयोगी पडत नाही.

कायद्याची दृष्टी

आता कायद्याकडे वळू. या शर्यतींचा न्यायालयीन इतिहास सर्वश्रुत असला, तरी त्याचा क्रम ध्यानी घेणे अवश्य आहे. ११ जुलै २०११ रोजी केंद्र शासनाने एका अधिसूचनेद्वारे खेळासाठी शिकविण्यास व प्रदर्शनास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यती यांना मनाई करणारा निर्णय दिला. २०१७ मध्ये महाराष्ट्राने प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली व त्याच वर्षी नियमही केले. परंतु उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती थांबलेल्याच राहिल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

या सर्व वादाचा मूळ आधार १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा हा आहे. त्याचा उद्देश प्राण्यांना होणाऱ्या अनावश्यक वेदना व यातना टाळणे हा होय. साहजिकच २०१७ च्या नियमांचा भर प्राण्यावर आहे. धावपट्टी १००० मीटरांहून लांब नसावी. तीव्र उतार, खडक, चिखल, दलदल किंवा रस्ता यांवर शर्यत घेऊ नये. बैलाला विश्रांती मिळावी. एका दिवसात एकाच बैलाला तीनहून अधिक वेळा पळवू नये. काठी, चाबूक अगर विजेचा धक्का देणारे साधन वापरू नये. आयोजकांनी ५०,००० रुपये अनामत ठेवावी. अशा या अटी आहेत. त्यांचे औचित्य निर्विवाद आहे, आणि त्यांपैकी काहींचा लाभ माणसालाही होतो. न डिवचलेला व न दमलेला बैल बिथरण्याचा संभव कमी, हे उघड आहे. तथापि हा लाभ आनुषंगिक आहे. ज्या कायद्याचा कर्ता माणूस व कर्म बैल, त्या कायद्याच्या वाक्यात तिसरा घटक, म्हणजे कुंपणाशी उभा असलेला पाहणारा, सहजासहजी येत नाही.

तामिळनाडूचा अनुभव येथे तुलनेसाठी घेता येईल. तेथील खेळात बैल माणसांच्या घोळक्यात सोडला जातो, म्हणून माणसाचा प्रश्न टाळणे शक्यच नव्हते. २०१७ च्या तेथील नियमांत प्रेक्षकांसाठी सज्जे व दुहेरी कुंपण यांची तरतूद करण्यात आली. शर्यतीत बैल माणसांपासून दूर पळतो असे गृहीत धरले जाते. म्हणून पाहणाऱ्याच्या कुंपणाचा विचार मागे पडतो. अपघात होतो तो हे गृहीत खोटे ठरते त्या क्षणी.

भाषेची साक्ष

अपघातानंतर वापरल्या जाणाऱ्या भाषेचे परीक्षण केल्यास हीच गोष्ट वेगळ्या रीतीने दिसते. 'बैल उधळले', 'गाडा गर्दीत घुसला', 'प्रेक्षक जखमी झाला' अशी वाक्ये अशा प्रसंगी सहज वापरली जातात. 'उधळणे' हे क्रियापद मराठीत सकर्मक व अकर्मक अशा दोन्ही प्रकारे चालते. 'भाविकांनी भंडारा उधळला' या वाक्यात कर्ता माणूस आहे. 'बैल उधळला' या वाक्यात कर्ता बैल आहे आणि कर्म नाही. अकर्मक प्रयोगामुळे घटना आपोआप घडल्यासारखी वाटते. कुंपण कोणी घातले नाही, निशाणापलीकडची जमीन कोणी मोकळी ठेवली नाही, हे प्रश्न व्याकरणातच गळून पडतात.

पाहणाऱ्यासाठी असलेल्या शब्दांचेही तसेच आहे. शर्यतीच्या व्यवहारात त्याला 'शौकीन' म्हणतात. वृत्तलेखनात 'बघ्यांची गर्दी' असा प्रयोग होतो. औपचारिक भाषेत 'प्रेक्षक' म्हणतात. 'शौकीन' हा शब्द आवड सांगतो, 'बघ्या' हा शब्द किंचित हेटाळणी सांगतो. जागेची कल्पना जोडलेला शब्द या तिहींत एकच आहे, तो 'प्रेक्षक'. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय प्रेक्षागृहाच्या रचनेसाठी खर्ची पडला आहे. त्यात त्याचे आकार व मापे दिली आहेत. पाहणाऱ्याची जागा मापून दिल्यावाचून प्रयोग पुरा होत नाही, ही दृष्टी त्यामागे आहे. शर्यतीच्या परिभाषेत जनावराच्या वयाला 'आदत' आहे, अंतराला 'पल्ला' आहे, मार्गाला 'चाकोरी' आहे; पाहणाऱ्याच्या वाट्याला मात्र 'गर्दी' हा एकच समूहवाचक शब्द येतो.

चित्रणाचा प्रश्न

या स्थितीत कॅमेरा आला. नियमांनुसार शर्यतीचे चित्रीकरण करावे लागते. तेथे कॅमेरा साक्षीदार आहे, बैलाचा छळ झाला नाही याची नोंद ठेवणारा. परंतु त्याच मैदानावर दुसरा कॅमेराही असतो, तो थेट प्रक्षेपणाचा. तो वरून फिरणाऱ्या ड्रोनवर असेल किंवा निशाणाजवळ असेल. त्याचे काम नोंद ठेवणे नसून प्रसंग रंगविणे हे आहे. घरबसल्या पाहणाऱ्यांची सोय होते व मैदानावरील दाटी काही अंशी कमी होऊ शकते, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे. परंतु प्रक्षेपणामुळे मैदानावरील माणूस पाहणारा न राहता दिसणाराही होतो. निशाणाची रेषा ही निकालाची जागा, तीच चित्राचीही जागा, आणि वेग सर्वाधिक असतो तोही तेथेच. म्हणजे ज्या ठिकाणी माणसे सर्वांत विरळ असावीत, त्याच ठिकाणी ती सर्वांत दाट होण्यास निमित्त मिळते.

हा अनुभव केवळ येथलाच नाही. १९८६ साली पोर्तुगालच्या मोटार रॅलीत रस्त्याच्या कडेला दाटलेल्या गर्दीत एक गाडी शिरून तीन प्रेक्षक मृत्यू पावले. तेथील प्रेक्षक गाडी अगदी जवळ येईपर्यंत रस्त्यावर उभे राहत व ऐन वेळी बाजूस होत. प्रमुख संघांच्या चालकांनी त्या रॅलीत पुढे भाग घेण्याचे नाकारले, आणि त्या वर्षाअखेर अतिवेगवान गाड्यांचा तो वर्गच स्पर्धांतून काढून टाकण्यात आला. प्रेक्षकांना आवर घालता न आल्याची किंमत खेळाला द्यावी लागली. दीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर परत मिळालेल्या बैलगाडा शर्यतीच्या चाहत्यांनी हे उदाहरण दृष्टीआड करू नये.

परंपरेतील नमुना

उपाय परका नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी याच दोन तालुक्यांतून पंढरपूरकडे जाते. बारामती तालुक्यात काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, व इंदापूर तालुक्यात बेलवाडीला गोल रिंगण भरते. त्या रिंगणात पताकाधारी, तुळस घेतलेल्या स्त्रिया, विणेकरी व टाळकरी आपापल्या क्रमाने धावतात, आणि मग अश्व धावतो. भोवती अफाट जनसमुदाय असतो. पण तो 'गर्दी' नसतो. प्रत्येकाला नाव आहे, नावाबरोबर जागा आहे, आणि अश्वाची वाट मोकळी ठेवणे हा त्या सोहळ्याचाच भाग आहे. अश्वाचा वेग व बैलजोडीचा वेग यांची बरोबरी होणार नाही, आणि रिंगणात अश्वामागे गाडी नसते, हे खरे. परंतु धावणारे जनावर व पाहणारा माणूस यांच्यामधील रेषा बळाने नव्हे, तर सर्वमान्य संकेताने राखता येते, हे त्यावरून सिद्ध होते.

शर्यतीच्या मैदानावर असा संकेत रुजण्यास काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतील. कडेच्या चाकोरीबाहेर मोकळा पट्टा व त्यापलीकडे दुहेरी कुंपण असावे. निशाणापुढील जमीन जनावर थांबेपर्यंत रिकामी राहावी. तेथे कॅमेरा माणसावाचून ठेवावा. पाहणाऱ्यांची जागा उंचावर व बाजूस असावी. आणि शेवटची जोडी आवरली गेल्याखेरीज पुढचा गट सोडू नये. यांतील एकही गोष्ट खर्चिक नाही. प्रत्येकीला मात्र एक नाव द्यावे लागेल, आणि ते नाव निवेदकाच्या तोंडी, पंचांच्या तोंडी व अखेर शौकिनांच्या तोंडी रुळावे लागेल. ज्या जागेला नाव आहे, ती कोणी मोडली हे सांगता येते. मग 'बैल उधळले' एवढ्यावर वाक्य संपणार नाही. मोकळा पट्टा कोणी अडविला, हेही त्याच वाक्यात सांगावे लागेल.